वन स्टॉप सेंटर, गोवा: माणसं चांगली, भाषेची सोय हवी

५ पैकी ४ स्टार. वन स्टॉप सेंटर म्हणजे लैंगिक अत्याचार किंवा मारहाण झालेल्या बाईला उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन अशी मदत एकाच जागी मिळवून देणारं सरकारी केंद्र. कुठल्या सेंटरात गेलो आणि कधी ते लिहिणार नाही, कारण जिच्यासोबत मी गेले तिची ओळख पटेल आणि ते तिला नकोय. एवढंच सांगते की ती घरकाम करते, मूळची कर्नाटकातली आहे आणि हे लिहायला तिने हो म्हटलंय.

आधी आम्ही जवळच्या पोलीस स्टेशनात गेलो तर तिथले हवालदार म्हणाले प्रकार आमच्या हद्दीत झालेला नाही, तिकडे जा. असं चालत नाही हो, हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर लिहून घ्यावीच लागते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्ट आहे. मग मी बाहेर येऊन १८१ ला, म्हणजे महिला हेल्पलाइनला, फोन लावला, त्यांनी सेंटरात पाठवलं.

तिथल्या समुपदेशक मॅडम मला फार आवडल्या. टेबलाच्या पलीकडे न बसता खुर्ची घेऊन तिच्या बाजूला आल्या, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "ताई, घाई नाही, जेवढं सांगावंसं वाटतं तेवढंच सांगा." जे सांगितलं ते एकदाच लिहून घेतलं, म्हणजे पुढे डॉक्टर, पोलीस, वकील सगळ्यांसमोर तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायची वेळ येऊ नये म्हणून. तपासणीआधी प्रत्येक गोष्टीला वेगळी संमती विचारली, हे नको म्हटलं तरी बाकीचे उपचार मिळणार हेही समजावलं. अंगावरचे कपडे पुराव्यासाठी ठेवून घेतात, तर बदलायला स्वच्छ ड्रेस तयार होता. आणि निघताना विचारलं, "कुठल्या नंबरावर, कुठल्या वेळी फोन केला तर तुम्हाला चालेल? दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगू?" घरातला मोबाईल नवऱ्याच्या हातात असतो हे त्यांना न सांगता कळलं होतं!

आता तो एक स्टार का कापला. कन्नड येणारं त्यावेळी कोणीच नव्हतं. तिला हिंदी कामापुरतं येतं पण असलं काही हिंदीत कसं सांगणार, तर कोणीतरी सुचवलं की हॉस्पिटलातल्या सफाईच्या मावशींना कन्नड येतं त्यांना बोलवूया. मॅडमनी नाही म्हटलं ते बरं केलं, मावशी तिच्याच वस्तीतल्या निघाल्या असत्या तर? शेवटी फोनवरून दुभाषी मिळाला पण त्यात बराच वेळ गेला. आपल्या गोव्यात बांधकामावर, हॉटेलात, घरोघरी बाहेरून आलेल्या किती बायका राबतात, त्यांच्या भाषेची माणसं यादीत तयार ठेवायला काय हरकत आहे? रात्री परत जायच्या गाडीचंही तसंच, सत्तरी-काणकोणच्या बाईने शेवटची बस गेल्यावर करायचं काय? मुक्काम ५ दिवसांपर्यंत देतात हे खरं, पण घरी लहान पोरं टाकून ती राहणार कशी.

ज्यांना गरज पडेल त्यांच्यासाठी: एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. शक्यतो आंघोळ करू नका, कपडे धुवू नका, पण केलं असेल तरी जाच. एफआयआर नसली म्हणून कुठलंही हॉस्पिटल, खासगीसुद्धा, उपचार नाकारू शकत नाही आणि त्याचे पैसेही घेऊ शकत नाही. "टू फिंगर टेस्ट" (योनीत दोन बोटं घालून करायची तपासणी) कोणी करायला लागलं तर सरळ नाही म्हणा, सुप्रीम कोर्टाने २०२२ ला परत बजावलंय की ती करणं गैरवर्तन आहे.

आणि घरी कामाला बाई ठेवणाऱ्यांनो, कामाच्या जागी लैंगिक त्रास झाला तर घरकामगार बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, २०१३ च्या कायद्यात आहे. तिला हे सांगितलंय का तुम्ही? आमच्या बिल्डिंगमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. आता लिफ्टजवळ कन्नड, हिंदी, कोकणी आणि मराठीत कागद लावलाय, १८१ आणि तातडीच्या मदतीचा ११२ मोठ्या अक्षरात. कन्नड मजकूर तिनेच वाचून दुरुस्त करून दिला.