फायनल फँटसी ६: मूळ खेळ की ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’?

‘फायनल फँटसी ६’ हा व्हिडिओ गेम आयुष्यात प्रथमच खेळताना १९९४ साली सुपर फॅमिकॉमवर (जपानबाहेर सुपर निन्टेन्डो म्हणून विकल्या गेलेल्या गेम कन्सोलवर) आलेला मूळ खेळ निवडावा की चाहत्यांनी त्यात फेरफार करून घडवलेला ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ हा मॉड, असा पेच एका मित्रापुढे आहे.

खटाटोप पाहिला तर मूळ खेळ सोपा आहे, कारण त्याची २०२२ ची अधिकृत पिक्सेल रीमास्टर, म्हणजे नव्याने सजवलेली, आवृत्ती विकत घेतली की काम भागते. मॉडचा पॅच, म्हणजे खेळात बदल करणारी फाइल, विनामूल्य असला, तरी तो सुपर निन्टेन्डो आवृत्तीच्या फाइलवर स्वतः चढवावा लागतो.

खरा फरक पात्रांच्या घडणीत आहे. मूळ खेळात एस्पर, म्हणजे मंत्र शिकवणारे जादुई जीव, जवळजवळ कोणत्याही पात्राला देता येतात. त्यामुळे उत्तरार्धात सर्वांना तेच प्रभावी मंत्र येऊ लागतात आणि टेरा, सेलेस, लॉक यांचे युद्धातील वेगळेपण पुसट होते, हे मला या थोर खेळाचे सर्वांत मोठे वैगुण्य वाटते. मॉडमध्ये प्रत्येक पात्राला ठरावीक एस्परच मिळतात, त्यामुळे चमूची निवड विचारपूर्वक करावी लागते. शिवाय सुपर निन्टेन्डोवर ‘इव्हेड’ हा शत्रूचा वार चुकवण्याचा गुण एका दोषामुळे निरुपयोगी होता. तोही येथे दुरुस्त झाला आहे.

काठिण्य मात्र मॉडमध्ये बरेच अधिक आहे.

कथा, संगीत आणि खलनायक केफ्काचा उदय प्रथमच अनुभवायचा असेल, तर मूळ खेळच घ्यावा. ज्यांना तो पाठ आहे आणि ज्यांना लढाया सोप्या वाटतात, त्यांनी मॉडकडे वळावे.