मुलांची ११० सीसी एटीव्ही: वेगाला लगाम आहे, कलंडण्याला नाही

एटीव्ही म्हणजे कच्च्या, खडबडीत जमिनीवर चालवायची उघडी गाडी. मुलांची एटीव्ही दिसायला खेळणं आहे. चार गुबगुबीत टायर, रंगीत प्लास्टिकचं अंग, मागे काठीवर नारिंगी झेंडा. पण उचलून बघायला गेलं तर ७० ते १०० किलो भरतं, आणि पेट्रोलवर धावतं. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या मॉडेलचं नाही, कारण या वर्गातल्या स्वस्त गाड्या आतून जवळपास सारख्याच असतात. एका सिलिंडरचं, हवेने थंड होणारं फोर-स्ट्रोक इंजिन, ऑटोमॅटिक क्लच, चेनवर फिरणारा मागचा अ‍ॅक्सल, पुढे ड्रम ब्रेक, मागे डिस्क. शिवाय जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेल्या तीन सोयी: थ्रॉटल लिमिटर (वेग वाढवायची कळ पूर्ण दाबू न देणारा स्क्रू), पालकांसाठी रिमोट आणि मनगटाला बांधायची सेफ्टी दोरी.

मत आधीच सांगून टाकतो. या तिन्ही सोयी वेग कमी करण्यासाठी किंवा इंजिन बंद करण्यासाठी आहेत. मुलं मात्र मुख्यतः गाडी कलंडल्याने किंवा उलटून अंगावर आल्याने जायबंदी होतात, आणि त्यावर या गाडीत काहीच नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने, १६ वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही चालवूच नये असं स्पष्ट म्हटलं आहे. गाडीचा एकेक भाग तपासत गेलं की हा सल्ला अतिरेकी वाटत नाही.

वळणापासून सुरुवात करू, कारण घात तिथेच होतो. सायकल वळताना आत झुकते. एटीव्ही झुकत नाही, उलट वळणाच्या बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. त्यात मागचा अ‍ॅक्सल सलग असतो, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल नसतो, त्यामुळे दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून आतलं चाक थोडं घसरलंच पाहिजे. ते घसरावं म्हणून चालवणाऱ्याने अंग पुढे आणि वळणाच्या आत झुकवायचं असतं आणि भार बाहेरच्या फूटरेस्टवर द्यायचा असतो. हे न करता नुसतं हँडल फिरवलं तर गाडी आधी सरळच जात राहते, मूल घाबरून हँडल आणखी फिरवतं, मग टायर अचानक पकड घेतात आणि एक बाजू उचलली जाते. म्हणजे या गाडीचा तोल सांभाळणारा मुख्य भाग चालवणाऱ्याचं शरीर आहे.

तीस किलोचं मूल आणि नव्वद किलोची गाडी हे प्रमाण कागदावर वाईट दिसत नाही. मोठ्यांच्या तीनशे किलोच्या गाडीवर सत्तर किलोचा माणूस बसतो, त्यापेक्षा ते बरंच म्हणायचं. पण वजन हलवता येण्यासाठी पाय फूटरेस्टवर घट्ट टेकलेले हवेत, हात लांबवर पोचले पाहिजेत आणि कधी झुकायचं हे अर्ध्या सेकंदात सुचलं पाहिजे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्या दोन गोष्टी जमतील, तिसरी शिकवून लगेच येत नाही. आणि हेच मूल मोठ्यांच्या गाडीवर बसलं की त्याचं वजन गाडीच्या दहाव्या हिश्शावर येतं. ते कितीही झुकलं तरी गाडीला कळतसुद्धा नाही. त्यामुळे ‘छोटी गाडी झेपते, आता मोठी देऊन बघू’ हा विचार सगळ्यांत घातक.

आता लिमिटर. उजव्या मुठीजवळ अंगठ्याने दाबायच्या थ्रॉटलची छोटी डबी असते. तिच्या मागच्या अंगाला एक बारीक स्क्रू आणि त्यावर लॉकनट. स्क्रू आत फिरवला की लिव्हर पूर्ण दाबला जात नाही. रचना साधी आणि चांगली आहे, पण लॉकनट सैल राहिला तर इंजिनाच्या थरथरीने स्क्रू आपोआप बाहेर येतो, आणि स्क्रूड्रायव्हर हाती आलेलं दहा वर्षांचं मूल तो दोन मिनिटांत काढू शकतं. लॉकनट कसून त्यावर रंगाची एक रेघ ओढून ठेवा, म्हणजे कुणी फिरवला की रेघ तुटलेली दिसेल. दुसरी गोष्ट महत्त्वाची: हा स्क्रू थ्रॉटलचं उघडणं अडवतो, वेग नाही. सपाटीवर लावलेली मर्यादा उतारावर लागू राहत नाही.

रिमोटबद्दल गैरसमज तर याहून मोठा आहे. बटण दाबल्यावर इंजिन बंद होतं, ब्रेक लागत नाही. ऑटोमॅटिक क्लच सेंट्रिफ्यूगल असतो, इंजिनाचे फेरे उतरले की तो सुटतो. उतारावर इंजिन बंद झालं तर इंजिनाची थोडीफार जी रोख होती तीही जाते आणि गाडी मोकळी घरंगळते. म्हणजे चुकीच्या जागी दाबलेलं बटण परिस्थिती बिघडवू शकतं. सपाट, मोकळ्या जागेत रिमोट उपयोगी आहे, तिथे तो प्रत्येक वेळी सुरुवातीला एकदा दाबून तपासा, कारण सेल उतरलेला असला तरी वरून काही कळत नाही. मनगटाची दोरी मूल खाली पडल्यावर इंजिन थांबवते. गाडी मुलासकट उलटली, तर ती काही वाचवू शकत नाही.

थ्रॉटल अंगठ्याचाच का, हेही समजून घ्या. मोटारसायकलसारखी फिरवायची मूठ असती तर गचका बसल्यावर मागे सरकलेल्या शरीराने ती आणखी पिळली असती. अंगठ्याच्या लिव्हरने तो धोका बराच कमी होतो, पण घाबरलेलं मूल सगळी मूठच आवळतं, आणि मुठीबरोबर अंगठाही. म्हणून पहिले काही दिवस इंजिन बंद ठेवून ‘अंगठा सोड, ब्रेक दाब’ एवढंच शंभर वेळा करून घ्यावं लागतं.

खोक्यातून आलेल्या गाडीच्या जुळणीला आमच्याकडून सरळ नापास. चाकांच्या हबवरच्या नटमधून कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालायची दुटोकी पिन) गेलेली आहे आणि तिची टोकं वाकवलेली आहेत का, हे चारही चाकांवर बघा. टाय रॉडचे (हँडलची वळण पुढच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांचे) नट, हँडलचा क्लँप, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट पाना लावून तपासा. पहिल्या तासाभराच्या वापरानंतर पुन्हा सगळे तपासा, कारण नवीन बोल्ट तेव्हाच सैल होतात. पुढचे दोन्ही ड्रम ब्रेक केबलवर चालतात. दोन्हींचा ताण सारखा नसेल तर ब्रेक दाबताच हँडल एका बाजूला ओढलं जातं. पुढची चाकं उचलून, लिव्हर हलका दाबून, दोन्ही चाकं हाताने फिरवून बघा.

थ्रॉटलची कसोटी वेगळी. गाडी न्यूट्रलला, पार्किंग ब्रेक लावलेला, इंजिन संथ चालू. हँडल पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे न्या. इंजिनाचा आवाज जरासुद्धा चढला तर केबल कुठेतरी ताणली जाते आहे, आणि ती गाडी वळणावर स्वतःहून वेग घेणार. अशी गाडी केबल नीट बसवेपर्यंत चालवायची नाही. लिव्हर दाबून सोडला की टक्कन मागे आला पाहिजे. चिखलात फिरून आल्यावर हे परत बघायचं.

टायरमधली हवा हा नेहमीचा घोळ. मोटारीच्या टायरला तीसच्या पुढे पीएसआय लागतात, इथे बहुतेक गाड्यांना पाचच्या आसपास किंवा त्याहून कमी. पंपावरच्या नेहमीच्या मीटरवर एवढा कमी दाब नीट मोजताच येत नाही, कमी दाबाचा वेगळा गेज घ्यावा लागतो. नेमका आकडा टायरच्या बाजूवर आणि पुस्तिकेत असतो. हवा जास्त झाली तर गाडी चेंडूसारखी उसळते. डाव्या-उजव्या टायरमध्ये एक-दोन पीएसआयचा फरक पडला तरी गाडी एका अंगाला ओढते. चेनवर कव्हर आणि सायलेन्सरवर जाळी नसेल तर गाडी घेऊच नका. फूटरेस्ट आणि मागचं चाक यांच्यामध्ये पट्टी किंवा पायाची चौकट हवी. ती नसेल तर घसरलेला पाय थेट मागच्या चाकाखाली जातो.

माप घेताना पालकांची सवय आड येते. कपडे वाढत्या अंगाचे घेतात, तशीच गाडीही ‘दोन वर्षं पुरेल’ अशी घेतली जाते. तसं करू नका. मुलाला फूटरेस्टवर उभं करा. सीट आणि त्याच्या जांघेमध्ये ८ ते १५ सेंटिमीटर जागा राहायला हवी. बसल्यावर कोपर थोडे वाकलेले हवेत. हँडल एका टोकापर्यंत फिरवल्यावर अंग न ओढता दूरची मूठ हातात राहिली पाहिजे. बोटं सरळ केल्यावर मधल्या बोटाचं पहिलं पेर ब्रेक लिव्हरच्या पुढे जायला हवं. टाच फूटरेस्टवर ठेवून पायाचा ब्रेक दाबता आला पाहिजे, आणि अंगठा मूठ न सोडता थ्रॉटलवर पोचला पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तरी गाडी त्या मुलाची नाही.

सीट लांब असली तरी ती एकट्यासाठीच आहे. लांबी वजन पुढे-मागे सरकवण्यासाठी ठेवलेली असते. मागे धाकटा भाऊ बसला की ती जागा संपते आणि चढावर गाडी मागे उलटण्याची शक्यता वाढते. डांबरी रस्त्यावरही नको, कारण तिथे आतलं चाक घसरत नाही, पकडतं. त्यात मोटारींची भर.

अमेरिकेतल्या मानकात सहा वर्षांवरच्या गटाच्या गाडीचा वेग लिमिटरसह ताशी १६ किलोमीटर आणि लिमिटर काढल्यावर २४ पर्यंत, तर दहा वर्षांवरच्या गटासाठी २४ आणि ४८ पर्यंत धरला आहे. ताशी २४ म्हणजे सेकंदाला जवळपास सात मीटर. मुलाला दचकून ब्रेकपर्यंत पोचायला दीड सेकंद लागला, तर दहा मीटर आधीच गेले. गाडीवरच्या लेबलवर वयोगट छापलेला असतो, तो वाचा, पण परवानगी म्हणून नाही. त्याहून लहान मुलाला ही गाडी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

नियम काय करू शकतात याची उदाहरणं आहेत. अमेरिकेत १९८८ मध्ये सरकार आणि प्रमुख उत्पादकांमध्ये न्यायालयीन समझोता होऊन नव्या तीनचाकी एटीव्हींची विक्री थांबली. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१० मध्ये १४ वर्षांखालच्या मुलांना, मोजके अपवाद सोडून, एटीव्ही चालवायला बंदी केली. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ पासून शेतीकामाच्या नव्या क्वाड बाइकला (चारचाकी एटीव्हीला तिथे हेच नाव आहे), ती उलटली तर चालवणाऱ्याला चेपण्यापासून वाचवणारी कमान सक्तीची झाली. मुलांच्या गाड्या त्या सक्तीत येत नाहीत.

घरात गाडी आधीच असेल तर: पूर्ण चेहरा झाकणारं, डीओटी (अमेरिकन) किंवा ईसीई (युरोपीय) सुरक्षा-मानकाचा शिक्का असलेलं, मुलाच्याच मापाचं हेल्मेट. गॉगल, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट, पूर्ण बाह्या. जागा सपाट, तारा आणि दोऱ्या नसलेली. मानेच्या उंचीवर ताणलेली कुंपणाची तार लांबून दिसत नाही. मोठं माणूस धावत पोचेल इतक्या अंतरावर हवं, खुर्चीत बसलेलं नको. नव्वद किलोची गाडी छातीवर आडवी पडली तर मुलाला श्वासासाठी छाती फुगवता येत नाही. ओरडायलाही हवा नसते, म्हणून आवाज आला नाही याचा अर्थ सगळं ठीक असा धरू नका. अशा वेळी आधी गाडी उचलायची. ती ओढून काढायची नाही. मान दुखते असं मूल म्हणालं किंवा बेशुद्ध असलं, तर त्याला जागेवरच ठेवून रुग्णवाहिका बोलवा, हेल्मेट ओढू नका. श्वास चालत नसेल तर मात्र मान स्थिर धरून हेल्मेट काढून श्वास द्यावाच लागतो. हे करता येणारं माणूस हजर नसेल त्या दिवशी किल्ली काढून, पेट्रोलचा कॉक बंद करून, गाडीवर कव्हर टाका.