नागदेवी स्ट्रीटवरचे सिकेटर, सफरचंदाच्या छाटणीसाठी

मुंबईतील नागदेवी स्ट्रीटवरील अवजारांच्या एका दुकानातून साडेसहाशे रुपयांना घेतलेले हे देशी बनावटीचे सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, सध्या माझ्या मुलीच्या मिशिगनमधील परसबागेत वापरात आहे. तिच्या ‘गाला’ जातीच्या सफरचंदांवर फायर ब्लाइट आला असल्याने मी ते त्या रोगाच्या छाटणीच्या कसोटीवरच पारखले आहे. मुंबईच्या गॅलरीतील गुलाबांसाठी याहून स्वस्त सिकेटरही पुरते.

एर्विनिया अमायलोव्होरा या जिवाणूमुळे होणारा हा रोग फुलोऱ्यातून किंवा कोवळ्या फुटीतून झाडात शिरतो. शेंडे काळे पडून छत्रीच्या मुठीसारखे वाकतात, पण जिवाणू त्या काळ्या भागाच्या बराच पुढे सरकलेला असतो. म्हणून काळ्या भागाच्या खाली निरोगी दिसणारी फांदीही 20 ते 30 सेंटिमीटर कापावी लागते आणि साहजिकच पात्याला कोवळ्या शेंड्याऐवजी जून लाकूड लागते. अंगठ्याएवढ्या जाडीची ओली फांदी या सिकेटरने एका दाबात, साल न चेचता कापली जाते, कारण त्याची दोन्ही पाती एकमेकांना घासून जातात. खालच्या सपाट पट्टीवर फांदी दाबून कापणारा प्रकार दुकानात थोडा स्वस्त मिळतो, पण तो साल चिरडतो. या कामासाठी तो घेऊ नये. वाळलेल्या किंवा त्याहून जाड फांदीला मात्र सरळ करवतच लावावी.

खरी परीक्षा निर्जंतुकीकरणाची आहे. दोन कापांच्या मध्ये पाती 70 टक्के अल्कोहोलमध्ये, किंवा एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी अशा द्रावणात बुडवावीत, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. ब्लीच स्वस्त असले तरी पोलाद खाते, आणि हे पाते कार्बन पोलादाचे आहे. द्रावणात बुडवलेले सिकेटर न धुता ठेवले की स्प्रिंगवर लगेच तांबूस डाग येतात. अल्कोहोल वापरून शेवटी तेलाचा हात फिरवला, तर धार आणि चकाकी दोन्ही टिकतात. मधला बोल्ट साध्या पान्याने सुटतो आणि पाती वेगळी करून फटीत अडकलेला चिकट रस पुसता येतो. या किमतीत ही सोय क्वचितच मिळते, आणि केवळ तिच्यासाठी मी हे सिकेटर सुचवेन. कुलूप मात्र टाकाऊ आहे. प्लास्टिकची कडी ओल्या हातमोज्याने सरकत नाही.

शक्य असल्यास दोन नग घ्यावेत, म्हणजे एक द्रावणात असताना दुसऱ्याने काम चालू ठेवता येते.

अर्थात, चांगल्या सिकेटरने रोग बरा होत नाही. झाडांना नत्र जास्त दिले तर लुसलुशीत फूट वाढते आणि तीच जिवाणूला सर्वाधिक मानवते; फुलोऱ्यात उबदार व ओलसर हवा असेल तर धोका आणखी वाढतो. कळ्या उमलण्यापूर्वी ताम्रयुक्त फवारणी आणि फुलोऱ्यात तिथल्या नियमांनुसार प्रतिजैविक, हे उपाय छाटणीच्या जोडीने करावे लागतात. मिशिगनमधील लोक हे हलक्यात घेत नाहीत, कारण 2000 साली त्या राज्याच्या नैऋत्य भागात या रोगाने सुमारे 4 कोटी 20 लाख डॉलरचे नुकसान केले होते. उन्हाळ्यातील छाटणी कोरड्या दिवशीच करावी, आणि खोडावरील जुन्या जखमा हिवाळ्यात झाड सुप्त असताना काढाव्यात.

विमानाने नेताना हे सिकेटर हातातल्या पिशवीत न ठेवता चेक-इनच्या सामानात टाकावे लागते. रोगट झाडांवर वापरलेले सिकेटर परत मुंबईला आणण्याऐवजी तिथेच ठेवणे मला योग्य वाटले. सुटी स्प्रिंग त्याच दुकानात मिळते. सिकेटर घेतानाच एक जास्तीची मागून घ्यावी.