नव्या डर्ट बाइकचं कोटेशन: सातारा-सांगलीच्या शोरूममधल्या हिशेबाचा रिव्ह्यू

एक्सपल्स २१० चढाला कशी जाते, केएलएक्स २३० ची सीट कुणाला उंच पडते, यावर हवे तेवढे व्हिडिओ आहेत. हा रिव्ह्यू गाडीचा नाही. गाडीआधी हातात पडतो त्या कागदाचा आहे, म्हणजे कोटेशनचा. साताऱ्यात घ्या, कराडला घ्या की सांगली-मिरजेत, त्या कागदाची ठेवण एकच असते: वर कंपनीचा लोगो, पहिल्या तीन ओळी छापील, आणि खाली ‘इतर’च्या रकान्यात पेनाने घातलेला आकडा. गिऱ्हाईक त्या पेनाच्या आकड्यावर भांडतं. सेल्समन दोन मिनिटं आत जाऊन येतो आणि म्हणतो, “दादा, तुमच्यासाठी हँडलिंग काढून टाकलं.” व्यवहार तिथेच ठरतो. पण जादा पैसा बहुतेक वेळा हँडलिंगमध्ये नसतोच, तो वरच्या छापील ओळींत बसलेला असतो.

नमुन्याला २१० सीसीची, पासिंग होणारी गाडी घेऊ. हिशेबाला सोपं जावं म्हणून एक्स-शोरूम १,८०,००० धरू. कोटेशन असं येतं: आरटीओ २४,५००, इन्शुरन्स १७,८००, हँडलिंग ३,५००, ॲक्सेसरीज ६,२००. ऑन-रोड २,३२,०००. आता एकेक ओळ उघडू.

आरटीओपासून सुरुवात, कारण इथे सरकारी दर ठरलेले आहेत. महाराष्ट्रात दुचाकीचा एकरकमी कर ९९ सीसीपर्यंत १० टक्के, त्यावर २९९ सीसीपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के. म्हणजे आपल्या गाडीला १९,८०० च्या आसपास. नोंदणी फी ३००, स्मार्ट कार्ड २००. कर्जावर घेत असाल तर बोजा चढवायचे ५००. किरकोळ उपकर आणि पोस्टेज धरलं तरी रोखीच्या गाडीला हे एकवीस हजारांच्या आत बसतं. वरचे साडेतीन-पावणेचार हजार एजंटच्या नावावर दाखवतात. नवी तयार गाडी डीलरच वाहन पोर्टलवर चढवतो, गाडी तपासणीला आरटीओच्या मैदानात न्यावी लागत नाही. मग एजंट नेमकं करतो काय, हे विचारून बघा. उत्तर गमतीशीर असतं.

इथे एकच मागणी पुरते: “आरटीओची रक्कम वाहनच्या पावतीप्रमाणे देतो, पावती निघाली की फरक परत.” हे वाक्य बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्या. कर आणि फीची पावती ऑनलाइन निघते, त्यावर प्रत्येक रक्कम वेगळी छापलेली असते. पावती द्यायला टाळाटाळ झाली की कुठे पाणी मुरतंय ते कळतं.

एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेटचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती प्लेट गाडीसोबतच द्यायची आहे आणि तिची किंमत गाडीच्या किमतीत धरलेली असते. ‘नंबर यायला वेळ आहे, गाडी घेऊन जा, काही होत नाही’ हेही ऐकू नका. तात्पुरती किंवा कायम, कोणतीही नोंदणी नसताना डीलरने गाडी ताब्यात देणं केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ४२ च्या विरुद्ध आहे. विनानोंदणीची गाडी यवतेश्वर घाटात आपटली, तर क्लेम कुठे अडकेल ते वेगळं सांगायला नको.

आता इन्शुरन्स. खरी मलई इथे आहे. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं, त्यात डीलर आणि कंपनी दोघांनाही हात घालता येत नाही. नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी सक्तीची आहे. १५० ते ३५० सीसीला तिचे ७,३६५ होतात, ३५० च्या वर १५,११७. (केटीएमची ३९० एंड्युरो आर बघत असाल तर हा उंबरठा ध्यानात ठेवा. रोड टॅक्सही तिथे १२ टक्के आहे आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही ३५० सीसीवरच फुटतो: खाली १८ टक्के, वर ४०.) स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर, म्हणजे ओडी, फक्त एका वर्षाचं घेतलं तरी चालतं. पाच वर्षांचं घ्यावंच लागतं असं कुणी सांगितलं तर ती थाप आहे.

ओडीचा हिशेब असा. नव्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, एक्स-शोरूमच्या ९५ टक्के, म्हणजे १,७१,०००. विम्याच्या जुन्या दरपत्रकात पुणे-मुंबईसारखी मोठी शहरं ए झोनमध्ये येतात, सातारा-सांगली बी झोनमध्ये. तिथे या सीसीला १.७६ टक्के, म्हणजे साधारण ३,०१०. मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघात कव्हरचे तीन-चारशे. सगळं मिळून पावणेअकरा हजारांच्या आत, वर १८ टक्के जीएसटी. बेरीज १२,६५० च्या आसपास, आणि हीसुद्धा ओडीवर एक रुपयाची सूट न धरता. ऑनलाइन बघितलंत तर ओडीवर चांगली सूट दिसेल. मग कोटेशनमध्ये १७,८०० कुठून आले? झिरो डेप (क्लेममध्ये पार्टचा घसारा न कापणारं कव्हर), इंजिन प्रोटेक्ट, रोडसाइड, चावी हरवल्याचं कव्हर असं एकावर एक चढवलेलं असतं, तेही न विचारता.

यातलं झिरो डेप डर्ट बाइकला घ्यावं का? घ्यावं, असं आमचं मत. या गाड्यांचा अर्धा बाहेरचा भाग प्लास्टिक आहे, आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टवर निम्मी घसारा-कपात होते. मात्र शर्यत किंवा ट्रॅकवर झालेलं नुकसान कुठल्याच साध्या पॉलिसीत बसत नाही. चावीचं कव्हर सोडून द्या. अपघात कव्हर तुमच्या दुसऱ्या गाडीवर आधीच असेल, तर तसं लेखी देऊन इथे काढून घेता येतं.

पॉलिसी बाहेरून घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शोरूममध्ये त्यावर “मग पासिंगला वेळ लागेल” असं उत्तर मिळतं. वेळ लागण्याचं खरं कारण बहुधा एकच निघतं: चासी नंबर टाइप करताना झालेली चूक. सतरा अक्षरी नंबर असतो. शून्य आणि ओ, एक आणि आय यांत घोळ होतो. खरं तर त्या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच, त्यामुळे तसं दिसलं की तो अंकच समजायचा. हँडलच्या मुळाशी कोरलेला नंबर मोबाइलवर फोटो काढून घ्या, त्यावरून पॉलिसी काढा आणि गाडी ताब्यात घ्यायच्या तारखेपासून चालू करा. शोरूमची पॉलिसीच घ्यायची असेल तर हाच ऑनलाइनचा आकडा समोर ठेवा. बऱ्याचदा दहा मिनिटांत तीन-चार हजार खाली येतात. यावरूनच कळतं की ते किती वर होते.

हँडलिंग आणि लॉजिस्टिक यांवर फार शब्द खर्च करायची गरज नाही. कंपनी शहराप्रमाणे जी एक्स-शोरूम किंमत जाहीर करते, तीत गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च आलेला असतो. गाडी धुऊन, बॅटरी जोडून, तपासून द्यायचं काम, ज्याला पीडीआय म्हणतात, ते डीलरच्या मार्जिनमध्ये येतं. आणि डीलरला ही रक्कम विक्रीत धरायचीच असेल, तर जीएसटी कायद्याप्रमाणे तीही करपात्र किमतीत येते, म्हणजे टॅक्स इन्व्हॉइसवर छापली पाहिजे. “हँडलिंग इन्व्हॉइसवर दाखवा, मी भरतो” एवढं म्हणून बघा. ती ओळ सहसा गळते.

ॲक्सेसरीजचं मात्र सविस्तर बोलू, कारण डर्ट बाइकला त्या नुसत्या महाग नाहीत, काही चक्क नडतात. सीट कव्हर घ्यायचंच नाही. खडकाळ वाटेवर उभं राहून गुडघ्यांनी गाडी धरायची असते, गुळगुळीत कव्हरवर पकड सुटते. टेफ्लॉन कोटिंग बुटाच्या पहिल्या घासण्याला संपतं. जाड पाइपचा लेग गार्ड कम्युटरला ठीक आहे. पण डर्ट बाइक दगडावर पडली की तो पाइप सगळा दणका थेट फ्रेमच्या माउंटिंगला देतो, आणि पाइप वाकण्याऐवजी माउंटिंग वाकलं की खर्च कितीतरी पट. साडी गार्ड नियम १२३ प्रमाणे लागतोच, पण तो गाडीसोबत येतो, त्याचे पैसे वेगळे नसतात. हेल्मेटचंही तसंच: नियम १३८ मध्ये बीआयएस मार्कचं हेल्मेट गाडी घेताना उत्पादकाने पुरवायचं आहे. तुमच्या मापाचं नसेल तर ते नको म्हणा आणि कोटेशनमध्ये त्याची रक्कम लावली असेल तर ती वजा करायला सांगा. त्याच पैशात नकल गार्ड (हँडलवरच्या हातांपुढचं कवच) किंवा इंजिनखालची बॅश प्लेट घेणं शहाणपणाचं, आणि तीही आधी बघा गाडीला मुळातच आहे का.

‘हा पॅक घेतला तर गाडी या आठवड्यात, नाहीतर दीड महिना’ ही अट दसरा-पाडव्याच्या तोंडावर हमखास लागते. तेव्हा दोन उपाय आहेत. पहिला, कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाकून ‘ॲक्सेसरी सक्तीची आहे का’ एवढंच विचारा आणि उत्तर शोरूमला दाखवा. दुसरा, पुणे किंवा कोल्हापूरचं कोटेशन आणा. तिथल्या शोरूममधून एमएच-११ (सातारा) किंवा एमएच-१० (सांगली) पासिंग करून मिळतं का ते आधी विचारायचं. मिळत असेल तर इथल्या काउंटरवर त्याचा चांगला उपयोग होतो.

आता नमुन्याच्या कोटेशनची बेरीज पुन्हा करू. १,८०,००० अधिक आरटीओचे २०,७५० अधिक इन्शुरन्सचे १२,६५०, म्हणजे सुमारे २,१३,४००. मागितलेले २,३२,०००. फरक साडेअठरा हजारांचा, आणि ‘तुमच्यासाठी काढलं’ ते हँडलिंग त्यातलं फक्त साडेतीन हजार.

कर्ज असेल तर आणखी एक कागद निघतो. ‘नऊ टक्के’ म्हणतात तो बहुधा फ्लॅट दर असतो, म्हणजे हप्ते फिटत गेले तरी व्याज पूर्ण मुदलावरच. एक लाख, तीन वर्षं, ९ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज २७,००० आणि हप्ता साधारण ३,५२८. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कर्जाचा गोषवारा द्यायचा आहे, त्यात फाइल चार्जसकट खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. सही त्यानंतर करायची. जिल्हा बँकेत किंवा तुमच्या पगाराच्या बँकेत विचारून मगच शोरूमच्या टेबलावर बसावं.

केएक्स २५० किंवा आरएम-झेड सारखी निव्वळ ट्रॅकची गाडी घेणाऱ्यांसाठी गणित वेगळं आहे. तिची नोंदणी होत नाही, म्हणून रोड टॅक्स नाही, थर्ड पार्टी नाही, नंबर प्लेट नाही. कोटेशनमध्ये ‘आरटीओ’ किंवा ‘डॉक्युमेंटेशन’ची ओळ दिसली तर ती सरळ खोडायची. क्रेटमधून काढून जोडणीचे पैसे मागतील, त्यावर घासाघीस होते. इन्व्हॉइस हाच मालकीचा एकमेव पुरावा असल्यामुळे चासी आणि इंजिन नंबर त्यावर नीट छापलेले हवेत. घरी नेताना छोटा हत्ती करा, महामार्गावरून चालवत आणायची नाही. आणि चालवायची ती मालकाच्या परवानगीने खासगी रानात. कास पठार आणि कोयनेचं जंगल ही त्याची जागा नव्हे.

डिलिव्हरीच्या दिवशी हिशेब जुळला म्हणून गाडी बघायची राहू नये. ज्या पीडीआयचे पैसे मागत होते, ते झालंय का हे पाच मिनिटांत समजतं. चेन दोन बोटांनी वर-खाली हलवा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापापेक्षा ताठ असेल तर सस्पेन्शन दाबलं की ओढ बसते. स्पोकवर चावीने हलकं टकटक करत चाक फिरवा. सगळे साधारण एकाच सुरात वाजले पाहिजेत, एखादा बद्द वाजला तर तो ढिला आहे. पहिल्या सर्व्हिसला स्पोक पुन्हा ताणून घ्या, ‘फ्री’ सर्व्हिसमध्ये मजुरी फुकट असते, ऑइल आणि फिल्टर नाही. गाडी कोणत्या महिन्यात बनली तेही बघा. सहा-आठ महिने उभी असलेली निघाली, तर भाव पाडायला याहून चांगलं कारण नाही.

पैसे आधीच देऊन बसला असाल, तर क्रम असा: प्रथम डीलरला लेखी पत्र किंवा मेल, त्यात वाहनच्या पावतीची आणि पॉलिसीची प्रत जोडून नेमका फरक मागायचा. त्याची प्रत कंपनीलाही. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण तक्रार थेट कंपनीकडे जाते. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, सातारा किंवा सांगली, तुम्ही राहता तिथे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. तिथे तोंडी हिशेब चालत नाही, कोटेशनचा तो पेनाने लिहिलेला कागद चालतो. म्हणून तो सेल्समनला परत देऊ नका, आणि कुठलीही रक्कम शोरूमच्या खात्यावरच भरा, कुणाच्या खासगी यूपीआयवर नाही.