कृषी सेवा केंद्र: मालाला चार तारे, सल्ल्याला दोन

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं दुकान. माल अस्सल, बिल पक्कं, भाव वाजवी. बियाण्याच्या बॅगा भिंतीला न टेकवता लाकडी फळ्यांवर रचलेल्या असतात. सोयाबीनचं टरफल पातळ, बॅग आदळली की उगवण जाते. इथं हमालांनाही ते माहीत आहे.

काऊंटरवरचा सल्ला मात्र जपून घ्यावा. पीक पिवळं पडलं म्हटलं की पान न बघताच ‘व्हायरस आहे, शंभर टक्के’ म्हणून कीटकनाशक हातात देतात. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत पाणी साचलं की मुळांना लोह मिळत नाही. आधी पाणी काढून द्यायचं, मग 10 लिटरला 50 ग्रॅम फेरस सल्फेट फवारायचं. पिवळा मोझॅक या व्हायरसच्या रोगात पानावर हिरवे-पिवळे चट्टे वेडेवाकडे मिसळलेले दिसतात. त्या व्हायरसवर औषधच नाही. रोगट झाडं उपटायची आणि पांढरी माशी आवरायची.

तणनाशकाचंही तेच. इमॅझेथापायर 10 टक्के एकरी 400 मिली, पाणी 200 लिटर. म्हणजे 15 लिटरचे 13 पंप, पंपाला 30 मिली. इथं ‘आठ पंपांत बसवा, वर अळीचं औषधही टाका’ सांगतात. पाणी कमी पडलं तर तण सगळं भिजत नाही, आणि डोस एका जागी जास्त पडून पीक करपतं.

पेरणीनंतर पावसानं ताण दिला आणि दुकानदाराचा अंदाज चुकला, तर त्याला बोल लावू नये. ते कुणालाच कळण्यासारखं नव्हतं. सीलबंद बॅगेतलं बी आतून कमजोर निघालं, तरी त्याचा दोष नाही. पण डोस डब्यावरच्या माहितीपत्रकात छापलेला असतो आणि पान समोर आणलेलं असतं. तिथं ‘मला माहीत नव्हतं’ चालत नाही. शेतकरी त्याच्या शब्दावर पैसा घालतो. पदवी नसलेल्या विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ या कृषी विस्तार संस्थेचा ‘देसी’ हा वर्षभराचा डिप्लोमाही आहे. खात्री नसेल तर ‘सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा’ म्हणायला काहीच लागत नाही, आणि तसं म्हणणाऱ्याची चूक आम्ही केव्हाही पोटात घालू.

बियाणं इथूनच घ्या, बिलावर लॉट नंबर लिहून घ्या. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवून बघा. 70 उगवले तर नेहमीचं प्रमाण पुरे. टॅग आणि मूठभर बी जपून ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर तेच लागतं.