धावत्या पोदेराच्या आठ फ्रेम्स आणि माझे साडेवीस हजार

मी गोव्यातल्या डिचोलीत राहते आणि एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहिते. पिक्सेल आर्टमध्ये, म्हणजे बारीक चौकोनी ठिपके एकेक रंगवून काढलेल्या चित्रांत, धावणारे पात्र तयार करायला शिकायचे म्हणून गेल्या वर्षी मी एका शिकवणीत नाव घातले आणि त्यात माझे 20,500 रुपये गेले; त्यांपैकी 14,000 शुल्काचे होते आणि 6,500 ‘कामाच्या अनामती’चे. हे सगळे तपशिलाने लिहिते आहे, कारण ज्या खुणांवरून ही फसवणूक वेळीच ओळखता आली असती, त्या बहुतेक खुणा चित्रांतच होत्या आणि ती चित्रे दर रविवारी माझ्या डोळ्यांसमोर होती.

वर्ग म्हापशाला बाजारापासून जवळच भरत असे आणि मी अस्नोड्यावरून जाणाऱ्या बसने तिथे जात असे. पहिल्या दिवशी सरांनी पडद्यावर लाल सदऱ्यातला, 32 बाय 32 पिक्सेलांचा एक मुलगा धावताना दाखवला. तो इतका सफाईदार धावत होता की मी त्याच संध्याकाळी पूर्ण शुल्क यूपीआयने भरून मोकळी झाले. पुढच्या अकरा रविवारांत मात्र सरांनी आमच्यासमोर एकही फ्रेम, म्हणजे हालचालीतले एकेक स्थिर चित्र, स्वतः काढली नाही. तयार चित्र उघडायचे, त्याचे केस बदलायचे, कपड्यांचा रंग बदलायचा आणि त्याला ‘आपले पात्र’ म्हणायचे, एवढेच आम्ही करत होतो.

मी स्वतः काढलेला धावपटू जमिनीवरून घसरल्यासारखा दिसत होता. कारण विचारले तेव्हा सर म्हणाले, ‘‘गेममध्ये वेग जुळवला की ठीक होतं.’’ हे उत्तर अर्धे खरे होते आणि म्हणूनच ते मला पटले. टेकलेले पाऊल प्रत्येक फ्रेममध्ये जेवढे पिक्सेल मागे जाते तेवढेच पात्र पुढे सरकले नाही, तर पाऊल घसरते हे खरेच आहे. पण माझी खरी चूक वेगळी होती: सहाही फ्रेम्समध्ये डोके एकाच उंचीवर होते आणि दोन्ही पाय हवेत असलेली फ्रेम मी काढलीच नव्हती. चालताना एक तरी पाय जमिनीवर असतो, धावताना दर पावलाला काही क्षण दोन्ही पाय सुटलेले असतात, आणि धावण्याला धावणे करणारा क्षण तोच. एडवर्ड मायब्रिज यांनी 1878 साली धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे घेऊन त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात हे दाखवले होते. शिकवणाऱ्याला एवढी गोष्ट ठाऊक नसावी, हे तेव्हाच माझ्या मनात यायला हवे होते.

शेवटी मी भावाला घेऊन मैदानावर गेले, त्याचे धावणे मोबाइलवर संथ गतीने टिपले आणि त्यातून चार अवस्था वेगळ्या काढल्या. पुढचे पाऊल टेकते ती पहिली. गुडघा वाकून सगळा भार घेतला जातो आणि डोके सर्वांत खाली येते ती दुसरी. मागचा पाय पुढे निघताना उभ्या पायाजवळून जातो ती तिसरी. आणि दोन्ही पाय सुटून शरीर सर्वांत वर असते ती चौथी. दुसऱ्या पायासाठी पुन्हा याच चार, म्हणजे एकूण आठ फ्रेम्स झाल्या. प्रत्येक फ्रेम 80 मिलिसेकंद ठेवली की दोन पावले 640 मिलिसेकंदांत पूर्ण होतात. एवढ्या लहान चित्रात डोके एक पिक्सेल खाली आणि एक पिक्सेल वर घेतले तरी वजन जाणवते. जवळचा पाय गडद आणि लांबचा फिकट रंगवला की कोणता पाय कुठे आहे याचा गोंधळ होत नाही. हे मी घरी, वर्गाबाहेर शिकले.

सरांच्या लाल सदऱ्यातल्या मुलाचे गुपितही घरीच उघडे पडले. भावाला इंटरनेटवर मोफत मिळणाऱ्या चित्रसंचात तोच धावपटू निळ्या सदऱ्यात सापडला. आम्ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवून मोठी केली. मूळ चित्रात सदऱ्याची सावली आणि डोळ्याचे बुबुळ एकाच गडद निळ्या रंगाचे होते. पॅलेटमधला, म्हणजे चित्राच्या रंगयादीतला, तो एक रंग बदलला की जिथे जिथे तो वापरलेला असतो तिथे तिथे बदलतो, त्यामुळे सरांच्या मुलाचे बुबुळ तांबडे झाले होते. सहाव्या फ्रेममध्ये टाचेमागे चुकून राहिलेला एक सुटा पिक्सेलही दोन्हीकडे त्याच जागी होता.

हे कळण्याआधीच मी अनामत भरून बसले होते. वर्ग संपताना सरांनी बाहेरच्या एका कंपनीचे काम असल्याचे सांगितले: चार पात्रे, प्रत्येकाच्या धावण्याच्या आठ फ्रेम्स, पंधरा दिवसांची मुदत आणि 24,000 रुपये मोबदला. काम अर्धवट सोडू नये म्हणून 6,500 रुपये परतीच्या बोलीवर ठेवायचे होते. करारपत्रावर ना कंपनीचा पत्ता होता, ना जीएसटी क्रमांक. आमच्यापैकी आठ जणांनी पैसे भरले.

मी रात्री जागून बत्तीस फ्रेम्स पूर्ण केल्या. त्यांतला पोदेर, म्हणजे आमच्याकडचा पाववाला, माझ्या फार जिव्हाळ्याचा होता. डोक्यावर पावांची पाटी घेऊन धावणारा मुलगा, आणि पाटीवर निळे प्लास्टिक. पाटी त्याच्या शरीराबरोबर खाली न येता एक फ्रेम उशिरा येते, आणि त्या एका फ्रेमच्या उशिरामुळेच ती जड वाटते. काम दिल्यावर चौथ्या दिवशी ‘दर्जा अपुरा’ एवढाच निरोप आला आणि करारातल्या कलमाप्रमाणे अनामत जप्त झाली. नेमके काय चुकले ते लेखी द्या, असे मी तीनदा विचारले. आधी उत्तरे थांबली, मग फोन बंद झाला, आणि म्हापशाच्या त्या खोलीला कुलूप दिसले.

दोन महिन्यांनी तोच पोदेर, पाटी आणि निळ्या प्लास्टिकसकट, गेमसाठी चित्रे विकणाऱ्या एका संकेतस्थळावर विकायला ठेवलेला दिसला. दर्जा अपुरा म्हणून नाकारलेले काम विकले जात होते. सुदैवाने मी सरांना फक्त पीएनजी, म्हणजे तयार चित्रांच्या फाइली, पाठवल्या होत्या. चित्राचे थर (लेयर) वेगवेगळे असलेली मूळ फाइल माझ्याकडेच होती. ती पुरावा म्हणून त्या संकेतस्थळाला पाठवल्यावर आठ दिवसांत चित्र तिथून काढले गेले. म्हणून सांगते, नमुन्याचे काम द्यावेच लागले तर लहान आकाराचे आणि वर ठळक खूण असलेले जीआयएफ द्या, मूळ फाइल कोणालाही देऊ नका. आणि शुल्क भरण्यापूर्वी शिकवणाऱ्याला रिकाम्या कॅनव्हासवर, तुमच्यासमोर, एका पायाच्या चार फ्रेम्स काढायला सांगा. ज्याला येते त्याला कच्च्या रेषांत त्या काढायला फार वेळ लागत नाही.

पैशांच्या बाबतीत मला उशीर झाला. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवले, तर रक्कम पुढे वळवली जाण्याआधी बँकेला ती रोखून धरता येण्याची शक्यता असते. मी मात्र ‘सर फोन उचलतील’ या आशेवर कित्येक आठवडे घालवले. पुढे राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि यूपीआय व्यवहाराचे क्रमांक, करारपत्र व सगळे संदेश छापून रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात दिले. माझे पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

आम्हा आठ जणांपैकी पाच जणांनी एकत्र जबाब दिले आहेत. उरलेले तिघे घरी कळेल या संकोचाने आले नाहीत. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर व्यवहाराचा क्रमांक आणि आपली मूळ फाइल घेऊन या. तक्रार अजून चालू आहे आणि तुमच्यासोबत ठाण्यात यायला मी तयार आहे.