न्यू जर्सीचा कौटुंबिक रजा विमा: पगाराची सोय चोख, नोकरीची हमी अपुरी

न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्यांच्या पगारपत्रकात ‘एफएलआय’ (फॅमिली लीव्ह इन्शुरन्स, म्हणजे कुटुंबासाठी घेतलेल्या रजेत भत्ता देणारा राज्याचा विमा) नावाची एक छोटी कपात असते. तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, पण राज्याच्या सेवांमध्ये इतकी उपयोगी पडणारी सेवा मला दुसरी दिसत नाही. 2008 साली कायदा झाला, जुलै 2009 पासून लाभ मिळू लागले आणि जुलै 2020 पासून सहा आठवड्यांचे बारा आठवडे झाले. भत्ताही सरासरी साप्ताहिक पगाराच्या दोन तृतीयांशावरून 85 टक्क्यांवर गेला, अर्थात राज्याने ठरवलेल्या कमाल मर्यादेत.

सर्वांत मोलाचे म्हणजे ही रजा कोणासाठी घेता येते, ते. 1993 च्या संघीय कायद्यातली रजा बिनपगारी आहे आणि आजारपणात ती पती-पत्नी, मुले व स्वतःचे आईवडील यांच्यापुरतीच मिळते. न्यू जर्सीत सासू-सासरे, भावंडे, आजी-आजोबाही धरले जातात. त्यामुळे सासूबाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सून रजा घेऊ शकते, तसाच जावईही. सलग रजा नको असेल तर ती तुटक, 56 दिवसांपर्यंत घेता येते, म्हणजे वडिलांच्या केमोथेरपीच्या दिवसांपुरतीही.

हा पैसा मालकाच्या खिशातून जात नाही, कर्मचाऱ्यांच्या वर्गणीतून येतो, आणि ही रचना मला पटते. भारतात 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजा 26 आठवड्यांची केली, पण ज्या आस्थापनांत ती मालकाला स्वतः द्यावी लागते तिथे तरुण स्त्रीला कामावर घेताना हात आखडता घेतला जातो, अशी रास्त भीती राहते.

अर्ज ऑनलाइन होतो. रजा सुरू झाल्यापासून 30 दिवसांत तो करावा आणि आजारपणासाठी असेल तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र आधीच मागून ठेवावे. भत्त्यावर राज्याचा आयकर नाही, संघीय आयकर मात्र आहे.

खरी उणीव पुढे आहे. भत्ता घेतला म्हणून कर्मचाऱ्यावर सूड उगवण्यास कायद्याने मनाई आहे, परंतु त्याच जागेवर परत घेण्याची हमी दुसऱ्या कायद्यात आहे आणि तो आस्थापनेच्या आकारावर अवलंबून आहे. 2019 साली ती मर्यादा 50 कर्मचाऱ्यांवरून 30 वर आणली गेली आणि जानेवारी 2026 च्या दुरुस्तीने जुलै 2026 पासून 15 ठरवली गेली. पाच-सात माणसांच्या किराणा दुकानात काम करणाऱ्या बाईच्या पगारातून वर्गणी तर कापली जाते, पण रजेवर जाताना तिला परतीची खात्री नसते. हे अन्यायाचे आहे आणि ते बदललेच पाहिजे.

शेजारच्या न्यूयॉर्कने 2018 पासून ही हमी अगदी लहान खासगी आस्थापनांतही दिली आहे, जरी तिथला भत्ता 67 टक्केच आहे. एडिसन किंवा जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनमध्ये नोकरी करणाऱ्यांना न्यूयॉर्कचाच कायदा लागू होतो. त्यांनी न्यू जर्सीकडे अर्ज न करता आपल्या कंपनीच्या विमा कंपनीकडे करावा.